वाढदिवसाची माती

क्लेम शिर्मरने आपल्या मित्राला अडुसष्टाव्या वाढदिवसाला कुंड्यांत भरायच्या तयार मातीची एक पिशवी भेट दिली, आणि त्या पिशवीपायी पुढचे कित्येक महिने त्याच्या जिवाला चैन म्हणून पडली नाही.

मित्राचं नाव व्हर्न नॉस्के. ऑस्ट्रेलियातल्या युरिंडा गावाबाहेर दोघांची गव्हाची शेतं एकमेकांना लागून. मध्ये तारेचं कुंपण होतं, पण ते मेंढ्यांसाठी. सहा वर्षांचे असल्यापासून दोघं एकाच बसने शाळेत गेलेले, एकाच संघातून फुटबॉल खेळलेले, एकमेकांच्या लग्नात खिशात अंगठी सांभाळत उभे राहिलेले. इतक्या वर्षांत एकमेकांना चांगलं म्हणून काही बोलले असतील, तर ते कुणी ऐकलेलं नाही.

व्हर्नची बायको बेरिल चार वर्षांपूर्वी वारली. तिच्यामागे घराच्या पाठीमागच्या काचघरात तिच्या साठ-सत्तर बिगोनिया राहिल्या. व्हर्नला तोवर गव्हाशिवाय दुसरं काही पिकवता येत नव्हतं. त्याने ती झाडं मरू दिली नाहीत. पुस्तक आणून, चष्मा लावून शिकला. क्लेम त्याची थट्टा करायचा, "काय रे, तुझ्या जनानखान्याला पाणी घातलंस का?" व्हर्न म्हणायचा, "घातलं. एकही उलटून बोलत नाही. तुझ्या नशिबी नाही ते."

तर माती. क्लेमने ती फेब्रुवारीतच तालुक्याच्या गावाहून आणली होती आणि वाढदिवस येईपर्यंत तीन आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये टाकून ठेवली होती. त्या दिवसांत शेडमधला लोखंडी पाना हातात धरवत नव्हता, इतकी शेड तापायची. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि व्हर्नच्या काचघराच्या दारात नेऊन आपटली. व्हर्नने तिथल्या तिथे चाकूने तिचं तोंड कापलं. आतून दमट वाफ आली. व्हर्न वाकला, पार नाक घालून त्याने वास घेतला, मूठभर माती बोटांतून गाळली आणि म्हणाला, "झकास आहे. तुला पहिल्यांदाच काहीतरी नीट विकत घेता आलं."

आत फार उकडत होतं म्हणून क्लेम दारातच उभा राहिला होता. काचघराची सगळी तावदानं बंद होती. व्हर्न तासभर तिथे कुंड्या भरत बसला.

नवव्या दिवशी व्हर्न खोकायला लागला. मंगळवारी त्याने फोनवर सांगितलं, अंग मोडून आलंय, ताप आहे. क्लेम म्हणाला, "फ्लू आहे. व्हिस्कीत लिंबू पिळ आणि पड. नाटकं करू नकोस." बुधवारी व्हर्नने फोन उचलला नाही. झोपला असेल, असं क्लेमला वाटलं.

गुरुवारी दुपारी क्लेमची बायको मार्लीन डबाभर सूप घेऊन तिकडे गेली. पंधरा मिनिटांत तिचा फोन आला. तिचा आवाज इतका हळू होता की क्लेमला आधी कळेचना.

"क्लेम, तो बेरिलशी बोलतोय. ओठ निळे पडलेत. मी नर्सला बोलावलंय. तू आधी धावपट्टीवर जा."

"धावपट्टीवर कशाला?"

"डॉक्टरांचं विमान येतंय. शहरात न्यायला. कांगारू हाकल!"

युरिंडाची धावपट्टी म्हणजे धान्याच्या सायलोपलीकडची मातीची सरळ पट्टी. ऊन कललं की आजूबाजूच्या रानातले कांगारू तिथे येऊन बसतात. क्लेमने पिकअप काढली आणि हॉर्न वाजवत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला सुरुवात केली. एक कळप उठवावा, तो कुंपणापर्यंत जावा, आणि मागे वळून बघावं तर दुसरा आलेला. विमानाचा आवाज ऐकू आला तेव्हा मधोमध एक मोठा नर शांतपणे उभा होता. क्लेम गाडीतून उतरला आणि हातात टोपी घेऊन त्याच्या अंगावर धावून गेला. तो काय ओरडत होता हे त्यालाही माहीत नव्हतं. नर गेला. विमान उतरलं, धुळीचा लोट उठला.

स्ट्रेचरवर व्हर्न एवढासा दिसत होता. तोंडावर मास्क होता. क्लेम जवळ गेला. त्याने नुसतीच व्हर्नच्या पायावरची चादर सारखी केली. मग दार लागलं.

शुक्रवारी व्हर्नची मुलगी टान्या हिने ॲडलेडहून कळवलं: बाबांची दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, भूल देऊन मशिनवर ठेवलंय, डॉक्टर काही सांगत नाहीत. सोमवारी क्लेमच्या घरी आणखी एक फोन आला. आरोग्य खात्यातली एक बाई होती. आवाज गोड, प्रश्न यादीतले. श्री. नॉस्के गेल्या पंधरवड्यात कुठे गेले होते? पाण्याची टाकी कशी आहे? कुंड्यांची तयार माती हाताळली होती का?

क्लेम म्हणाला, "हो."

"बंद जागेत?"

"हो. का?"

बाईने समजावून सांगितलं. लीजनेला नावाचा एक जंतू असतो, तो अशा मातीत असू शकतो. बहुतेकांना काही होत नाही, काहींच्या फुप्फुसात जातो. माणसाकडून माणसाला लागत नाही, काळजी करू नका. "पिशवीवर सूचना असते," ती म्हणाली. "पिशवी मिळाली तर जपून ठेवा, आमचा माणूस येऊन नमुना नेईल. माती कोणी आणली होती, माहीत आहे का?"

क्लेमने खिडकीतून बाहेर बघितलं. मार्लीन अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मी," तो म्हणाला.

फोन ठेवून तो व्हर्नच्या काचघराकडे गेला. आत जायचं धाडस होईना. दारातूनच त्याने काठीने पिशवी ओढली आणि खिशातला चष्मा काढून वाचलं. बारीक अक्षरांत सगळं होतं. मास्क लावा. हातमोजे घाला. पिशवी उन्हात किंवा उष्ण जागी ठेवू नका. उघडताना तोंड लांब ठेवा. तीन आठवडे ती पिशवी त्याच्याच शेडमध्ये होती आणि त्याने फक्त वरचं फुलाचं चित्र पाहिलं होतं.

हे त्याने मार्लीनला सांगितलं नाही. मातीतून आलंय म्हणतात, एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून क्लेमला भीतीने धरलं. आधी स्वतःची भीती. दारात तोही होता. शेडमध्ये जाऊन तो चोरून ताप मोजायचा, दिवसातून चारदा, मेंढ्यांच्या औषधांच्या कपाटामागे थर्मामीटर लपवून. ताप कधीच नसायचा. मग ती भीती मार्लीनवर गेली. तिने गुलाबांना हात लावायचा नाही. टाकीचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. जिन्यावरून उतरताना कठडा धर. दोनदा ठसकली की हा दारात हजर. मार्लीन म्हणाली, "मला काही झालेलं नाही. ब्रेडचा तुकडा अडकला. जा तू." फोन वाजला की त्याच्या छातीत धस्स व्हायचं आणि वाजला नाही तर त्याहून वाईट. टान्याचा रोजचा निरोप एकच: तसेच आहेत.

बुधवारी मार्लीन दुकानात गेली ती वेळेवर परत आली नाही. वीस मिनिटांचा रस्ता. दोन तास झाले. मोबाइल लागेना, पण त्या पट्ट्यात तो कधीच लागत नाही हे क्लेम विसरला. तो पिकअप घेऊन निघाला. वळणावळणाला त्याला उलटलेली गाडी दिसत होती. शेवटी फाट्यावर मार्लीनची गाडी दिसली, सावलीला, शाबूत. मार्लीन काच खाली करून टपालवाल्या बाईशी गप्पा मारत होती.

क्लेम उतरला आणि भर रस्त्यात ओरडला, "कुठे होतीस तू? वेळेचं भान आहे का?"

टपालवाली बाई दोघांकडे बघून हळूच निघून गेली. मार्लीन गाडीतून उतरली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्यावर असा ओरडला नव्हता.

"काय झालंय तुला? खरं सांग."

क्लेमने बॉनेटवर हात टेकले. "माती मी दिली होती. वाढदिवसाला. तीन आठवडे शेडमध्ये भाजत ठेवली होती. आणि त्याला ताप आला तर म्हणालो, नाटकं करू नकोस."

मार्लीन त्याच्या समोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "एवढ्यासाठी तीन दिवस माझा जीव खातोयस होय? मूर्ख माणसा, मला वाटलं तुलाच काहीतरी मोठं निघालंय आणि तू लपवतोयस." तिचे डोळे भरून आले. "मी पण घाबरलेय, क्लेम. मी पाहिलंय त्याला त्या अवस्थेत. चल, उद्या जाऊ. आणि टान्याला हे तुझ्याच तोंडून कळू दे."

ॲडलेडला पोचायला साडेसहा तास लागले. दोघं तिथे मार्लीनच्या चुलतबहिणीकडे उतरले. दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या बाहेर टान्या भेटली. केस विंचरलेले नव्हते, पायात एका रंगाचे मोजे नव्हते. तिने मार्लीनला मिठी मारली. क्लेमलाही मिठी मारायला आली तेव्हा तो मागे सरकला.

"आधी ऐक," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. शेड, ऊन, पिशवी, फोन, व्हिस्की आणि लिंबू.

टान्याचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. "मंगळवारी," ती म्हणाली. "मंगळवारी त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ताप आहे म्हणून?"

"हो."

"मला नाही सांगितलं. मला म्हणाले, मस्त आहे. तुम्हाला सांगितलं. आणि डॉक्टर मला म्हणतात, दोन दिवस आधी आणलं असतं तर." तिने तोंड फिरवलं. "क्लेमकाका, तुम्ही आत्ता इथून जा. प्लीज. मला काहीतरी वाईट बोलायचं नाहीये."

क्लेम गेला. खाली गाडीतळाच्या कडेला एक बाक होता, त्यावर जाऊन बसला. मार्लीन वर टान्याजवळ राहिली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही क्लेम सकाळपासून तिथेच होता. लोक येत होते, फुलं घेऊन, फुगे घेऊन, काही जण रिकाम्या हाताने आणि रडत. प्रत्येक वेळी सरकतं दार उघडलं की त्याला वाटे, आता मार्लीन येणार आणि सांगणार.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याने मोबाइल काढला आणि मुलाचा नंबर लावला. ग्रँट सात वर्षांपूर्वी शेती सोडून पश्चिमेकडच्या खाणीत गेला होता. भांडण असं काही झालं नव्हतं. बापाने "तुझी मर्जी" म्हटलं, लेकाने बॅग उचलली, आणि त्यानंतर फोन नेहमी आईच्याच हातात गेला.

पहिल्याच घंटेला ग्रँटने उचललं. "आईला काय झालं?"

"काही नाही. आई बरी आहे."

"मग तुम्हाला काय झालं?"

"मला काय होणार? असाच फोन केला."

पलीकडे कुठलंतरी अवजड यंत्र घरघरत होतं. "बाबा, तुम्ही मला आजवर असाच कधीच फोन केलेला नाही. काय ते सांगून टाका."

क्लेमला सांगायचं होतं ते जमेना. त्याने व्हर्नचं सांगितलं. मातीचंही सांगितलं. मग म्हणाला, "जेवलास का?"

"इथे सकाळचे साडेआठ वाजलेत."

"तरी पण."

ग्रँट हसला. "खाल्लं, बाबा. दोन अंडी खाल्ली." थोडं थांबून त्याने विचारलं, "व्हर्नकाकांची पेरणी कोण करणार या वर्षी?"

हे क्लेमच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिन्याभरात पेरणी येणार होती, आणि व्हर्नचं बाराशे एकर रान उघडं पडलं होतं.

"बघू," तो म्हणाला. "तू काळजी घे. त्या यंत्रांजवळ सांभाळून."

दुपारी सरकतं दार उघडलं आणि टान्या बाहेर आली. क्लेम ताडकन उठला.

"गेला?"

"नाही, नाही. बसा." ती मात्र उभीच राहिली. "मला घरी जाऊन आंघोळ करायची आहे. मुलांना दोन दिवस पाहिलं नाही. मार्लीनकाकू पण दमल्यात. तुम्ही बाबांजवळ बसाल का? नर्स म्हणते, कुणीतरी बोलत राहायला हवं."

"मी?"

"तुमचं त्यांच्याइतकं कोण ऐकून घेतं?" टान्या म्हणाली. ती हसली नाही, पण जाताना तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

खोलीत मशिनचा आवाज येत होता, आत आणि बाहेर, आत आणि बाहेर. व्हर्नच्या तोंडात नळी होती, हातांना सुया. क्लेम खुर्ची ओढून बसला. आधी त्याने पावसाचं सांगितलं, म्हणजे पडला नसल्याचं. मग मेंढ्यांचं. मग फुटबॉलच्या संघाने कशी माती खाल्ली ते सांगायला गेला आणि माती हा शब्द तोंडात येताच गप्प झाला. नर्स सलाइन बदलून गेली. ती गेल्यावर तो पुढे वाकला.

"हे बघ, व्हर्न," तो म्हणाला. "तू नसलास तर मला त्या गावात बोलायला कोणी नाही. मार्लीन आहे, पण तिला मी सगळं नाही सांगू शकत. तिची काळजी वाटते असं तिलाच कसं सांगणार? ते तुलाच सांगायचं असतं. तेव्हा तू जरा ऐक माझं आणि मरू नकोस."

मशिनच्या आवाजात काही फरक पडला नाही. क्लेमने त्याचा हात हातात घेतला. लहानपणच्या कुस्त्या सोडल्या तर हा हात त्याने कधी धरला नव्हता. तो गरम होता, आणि त्या गरमपणाकडे लक्ष देत क्लेम संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

त्यानंतरचे पाच दिवस असेच गेले. एकदा मूत्रपिंडं बिघडली, एकदा ताप चढला, एकदा डॉक्टर टान्याला बाजूला घेऊन गेले तेव्हा मार्लीनने क्लेमच्या मनगटाला इतक्या जोरात धरलं की वळ उठले. मग एका सकाळी ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. मशिनवर ठेवल्यापासून तेराव्या दिवशी नळी काढली.

व्हर्नचा आवाज पत्र्यावर खडा घासावा तसा येत होता. त्याने आधी टान्याला विचारलं, बिगोनियांना पाणी कोण घालतंय. कुणीच घालत नव्हतं. मग त्याची नजर क्लेमवर गेली.

"तू इथे काय करतोयस? मेंढ्या कोण बघतंय?"

"व्हर्न, ती माती..." क्लेम म्हणाला. "मी पिशवीवरचं वाचलंच नाही."

व्हर्नने डोळे मिटले. क्लेमला वाटलं, झोपला. पण तो दम घेत होता.

"मी वाचलं होतं," तो म्हणाला. "चष्मा लावून. सगळं वाचलं. म्हटलं, जन्मभर धूळ खाल्ली, आता माती हुंगायला मास्क कसला लावायचा?" पुन्हा दम. "टान्याला सांगू नकोस."

टान्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूलाच उभी होती. "बाबा!" ती किंचाळली, आणि नर्स धावत आत आली. टान्या हसत होती की रडत होती ते नर्सला कळेना. कुणालाच कळत नव्हतं.

व्हर्न जूनच्या सुरुवातीला घरी आला. तो पूर्वीचा व्हर्न नव्हता. ओसरीच्या तीन पायऱ्या चढायला त्याला मध्ये थांबावं लागे, आणि कधी कधी बोलता बोलता शब्द सापडेनासा होई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्ष लागेल, आणि सगळं परत येईलच असं नाही. बिगोनियांपैकी अर्ध्याहून जास्त वाळून गेल्या होत्या. तो काचघराच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि नुसता बघत राहिला.

पण त्याचं रान पेरलेलं होतं. मे महिन्यात ग्रँट तीन आठवड्यांची रजा काढून आला होता. गावातल्या दोघांनी ट्रॅक्टर दिले, बियाणं व्हर्नच्याच कोठारात होतं. बाप-लेकांनी आलटून पालटून पेरणी केली. फारसे बोलले नाहीत. एकदा इंजिन बंद करून बांधावर सँडविच खाताना क्लेम म्हणाला, "तू गेलास तेव्हा मला वाईट वाटलं होतं." ग्रँट म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही." मग त्याने थर्मासमधला चहा बापाला ओतून दिला. पुढच्या सुट्टीत परत येईन, असंही म्हणाला.

क्लेमची भीती मात्र गेली नाही. थर्मामीटर त्याने मार्लीनच्या हवाली केला, फाट्यापर्यंत गाडी घेऊन धावणं सोडलं, पण पहाटे उठल्याबरोबर कुंपणापलीकडे व्हर्नच्या स्वयंपाकघरात दिवा लागलाय का, हे बघितल्याशिवाय त्याला कॉफी जात नव्हती. मार्लीनने एकदा विचारलं, "हे कधी थांबणार?" तो म्हणाला, "बहुतेक नाही थांबणार. आता मला माहीत झालंय ना." मार्लीनने त्यावर वाद घातला नाही. ती स्वतः त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि दोघांनी मिळून तो दिवा लागण्याची वाट पाहिली.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका रविवारी सगळे व्हर्नकडे जेवायला जमले. टान्या मुलांना घेऊन आली होती, ग्रँट ठरल्याप्रमाणे रजेवर होता. मार्लीनने कोकराचं मटण भाजलं. बाहेर गहू घोट्याएवढा वर आला होता, सगळीकडे हिरवंगार, आणि थंडीतलं ते कोवळं ऊन ओसरीवर पसरलं होतं. आत बशांचा खडखडाट, मुलांचा दंगा चालला होता. जेवणानंतर व्हर्न ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसला. थोड्या वेळाने क्लेम बाहेर आला, तर त्याची मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, हात खाली लोंबत असलेला.

क्लेम जागीच थिजला. तो पावलं न वाजवता जवळ गेला, वाकला आणि व्हर्नच्या नाकाजवळ कान नेला.

"जिवंत आहे," व्हर्न डोळे न उघडता म्हणाला. "सरक. ऊन अडवतोयस."

क्लेम सरकला. दुसरी खुर्ची आणून त्याने ती शेजारीच ठेवली, हात लांब केला तर पोचेल इतकी जवळ, आणि बसला.